किरकोळ चर्चा

दिल्लीच्या एका सरकारी वसाहतीत आम्ही राहतो. आसपासच्या तीसचाळीस मराठी कुटुंबांचे मिळून एक लहानसे मंडळ आहे. गणेशोत्सव, कोजागिरी, संक्रांतीचे हळदीकुंकू आणि वर्षाकाठी एखादे व्याख्यान, एवढाच त्याचा पसारा. गेल्या वर्षी मंडळाची रीतसर नोंदणी करण्याचे ठरले. नोंदणी म्हटली की अर्ज आला आणि अर्ज म्हटला की त्यात पहिला रकाना नावाचा. ‘महाराष्ट्र मंडळ’ लिहावे की ‘मराठी मंडळ’, एवढाच प्रश्न होता. त्यावर दीड तास गेला, चहा दोनदा झाला, आणि एका सद्‌गृहस्थांनी रागाच्या भरात वर्गणीची पावती परत करण्याची भाषाही केली.

वादाचे मूळ होते ग्वाल्हेरचे एक वृद्ध काका. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या ग्वाल्हेरीस नांदलेले. ते म्हणाले, “महाराष्ट्रात माझे घर नाही, जमीन नाही, मतदार यादीत नाव नाही. पण देवघरात आरती मराठीत होते आणि नातवंडांना मी मराठीतूनच रागावतो. मी मराठी आहे, महाराष्ट्रीय नाही. तुम्ही पाटीवर ‘महाराष्ट्र’ लिहिलेत तर मी आत पाहुणा म्हणून येईन.” त्यावर कोणी तंजावरचा दाखला दिला, कोणी बडोद्याचा, कोणी इंदूरचा. शेवटी हात वर करून मते मोजली. ‘महाराष्ट्र मंडळा’च्या बाजूने एकोणीस आणि विरुद्ध अकरा मते पडली.

मी केंद्र सरकारच्या एका कचेरीत लेखनिक. त्यामुळे सभेचे इतिवृत्त लिहिण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. सवयीच्या हाताने मी लिहिले : ‘मंडळाच्या नावाबाबत किरकोळ चर्चा होऊन बहुमताने नाव निश्चित करण्यात आले.’ काकांनी मसुदा वाचला, चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाले, “हरलो, ते लिहा. पण किरकोळ म्हणू नका.”

तो शब्द माझ्या मनात अनेक दिवस रुतून राहिला. किरकोळ चर्चा कोणती आणि महत्त्वाची कोणती, हे ठरवायचे कोणी? इतिवृत्त लिहिणाऱ्याने? जिंकलेल्यांनी? त्याच सुमारास कचेरीच्या ग्रंथालयात संविधान सभेच्या कामकाजाचे खंड माझ्या हाती आले. देशाच्या मूलभूत कायद्याची ती बखरच आहे. तीत थोर तत्त्वांची चर्चा असणार हे अपेक्षितच होते. अपेक्षा नव्हती ती एवढ्याची, की त्या थोर सभेतही आमच्या मंडळासारखीच भांडणे व्हावीत. शब्दांवरून, आकड्यांवरून, स्वल्पविरामांवरून आणि नावांवरून.

संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी भरली आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकृत झाले. या काळात अकरा अधिवेशने झाली. कामकाजाचे दिवस १६५ भरले. त्यांतले ११४ दिवस केवळ मसुद्याच्या विचारात खर्ची पडले. मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या दाखल झाल्या आणि त्यांपैकी २,४७३ सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. बाहेर फाळणीचा वणवा पेटलेला, निर्वासितांचे लोंढे येत असलेले, संस्थानांचे प्रश्न लोंबकळत पडलेले, ३० जानेवारी १९४८ रोजी महात्माजींची हत्या झालेली. अशा काळात आत बसून माणसे एकेका शब्दाची चिकित्सा करीत होती. सभा वेळेचा आणि पैशाचा अपव्यय करीत आहे, ही टीका त्या वेळीही झालीच.

या चिकित्सकांचे शिरोमणी होते पश्चिम बंगालचे नझीरुद्दीन अहमद. वाक्यातला शब्द मागेपुढे व्हावा, अर्धविरामाच्या जागी स्वल्पविराम यावा, मोठ्या लिपीतले अक्षर लहान व्हावे, अशा दुरुस्त्यांचा त्यांनी पाऊस पाडला. उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे अध्यक्षस्थानी असले म्हणजे ही दुरुस्ती निव्वळ शाब्दिक आहे, सबब मांडता येणार नाही, असा निर्णय देत. आणि लगेच नझीरुद्दीन अहमद पुढच्या दुरुस्तीसाठी उभे राहत. मसुदा समितीला त्यांनी इंग्रजीत शब्दश्लेष करून ‘ड्रिफ्टिंग कमिटी’, म्हणजे वाहवत जाणारी समिती, असे नावही ठेवले.

वरवर पाहता हे सारे हास्यास्पद वाटते. तथापि, मराठी माणसाने तरी अक्षराला किरकोळ म्हणू नये. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’ या शब्दातील ‘ध’चा ‘मा’ झाला, ही त्याबद्दलची कथा आपल्याकडे पोराबाळांनाही ठाऊक असते. त्या कथेत इतिहास किती आणि लोकांची कल्पना किती, हे संशोधकांनी पाहावे. पण ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार भाषेत रुजला, याचा अर्थ एवढा निश्चित, की हुकुमातल्या एका अक्षराची किंमत या समाजाने ओळखली होती. कचेरीत बसणाऱ्यांना तर हे रोजच कळते. नियमात ‘देण्यात येईल’ असे असले तर मनुष्याला हक्क मिळतो. ‘देता येईल’ असे असले तर त्याला साहेबांच्या मर्जीची वाट पाहावी लागते. दोन क्रियापदांतले हे अंतर एखाद्या विधवेच्या निवृत्तिवेतनाएवढे असू शकते.

आता नावांच्या भांडणाकडे वळू. डिसेंबर १९४८ मध्ये देशाच्या प्रमुखाविषयीचे कलम विचारासाठी आले. हरि विष्णु कामत उठले आणि त्यांनी विचारले, की आधीच्या मसुद्यात ‘प्रेसिडेंट’ या शब्दापुढे कंसात ‘राष्ट्रपती’ असा शब्द होता, तो कोठे गेला? कामत हे मूळचे मंगळूरचे. आय. सी. एस.ची नोकरी सोडून ते सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेले होते आणि संविधान सभेवर मध्य प्रांत व वऱ्हाडातून निवडून आले होते. त्यांच्या प्रश्नावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खुलासा केला, त्यातून मौजेची गोष्ट बाहेर आली. मसुद्याच्या निरनिराळ्या भाषांतल्या प्रतींत निरनिराळे शब्द पडले होते. हिंदी प्रतीत ‘प्रधान’ होता आणि उर्दू प्रतीत ‘सरदार’.

हे वाचताना मला हसू आवरेना. अष्टप्रधानांच्या परंपरेत वाढलेल्या मराठी वाचकाला ‘प्रधान’ म्हटले की सिंहासनावरचा नव्हे, सिंहासनाच्या बाजूला उभा असलेला मनुष्य दिसतो. ‘सरदार’ म्हटले की शिंदे-होळकर आठवतात. म्हणजे पुन्हा कोणाचा तरी सरदारच. एकाच पदाला तीन शब्द आणि तिन्हींतून उमटणारी चित्रे वेगळी! राज्यकारभार बदलला की शब्दांचा प्रश्न उभा राहतो, हे शिवछत्रपतींनी ओळखले होते. म्हणूनच त्यांच्या काळात रघुनाथ पंडितांकरवी राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय मिळाले. नवे राज्य आपल्या अधिकाऱ्यांना कोणत्या नावाने हाक मारते, त्यावर ते स्वतःला कोण समजते हे ठरते. कामतांच्या प्रश्नाला त्या दिवशी कंसातली जागा मिळाली नाही. परंतु पुढे लोकांच्या तोंडी बसला तो ‘राष्ट्रपती’ हाच शब्द.

यानंतरचे भांडण आकड्यांचे. १२ ते १४ सप्टेंबर १९४९ असे तीन दिवस राजभाषेचा प्रश्न सभेपुढे होता आणि त्यावर सुमारे तीनशे दुरुस्त्या आल्या होत्या. आरंभीच अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसादांनी सदस्यांना विनविले, की बोलताना कोणाचे मन दुखावेल असा शब्द काढू नका. केवळ बहुमताने जिंकलेला निर्णय देशाच्या मोठ्या भागाला पटला नाही तर तो अमलात आणणे कठीण जाईल. एवढ्या गंभीर प्रस्तावनेनंतर वाटते, की आता भाषेवर खडाजंगी होणार. ती झालीच, पण देवनागरी लिपीतली हिंदी बऱ्याच अंशी मान्य झाल्यानंतरही एक गोष्ट अडून बसली. ती म्हणजे एक ते नऊ आणि शून्य हे आकडे कोणत्या वळणाचे असावेत.

दक्षिणेकडील सदस्य म्हणत, की आम्ही तुमची भाषा स्वीकारतो आहोत, निदान आकडे तरी जगाला समजतील असे ठेवा. पुरुषोत्तमदास टंडन आणि त्यांचे सहकारी म्हणत, की लिपी देवनागरी आणि आकडे मात्र परके, हे कसे? गोपालस्वामी अय्यंगार आणि कन्हैयालाल मुनशी यांनी काढलेल्या तोडग्यात या पेचावर एक शब्दयोजना आहे. संघराज्याच्या कामकाजासाठी वापरायचे अंक म्हणजे ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप’. ज्यांना आपण इंग्रजी आकडे म्हणतो ते मुळात भारतातून अरबांकडे आणि अरबांकडून युरोपात गेले, हे ऐतिहासिक सत्य त्या चार शब्दांत आले. परके म्हणून ज्यांना दार लावले जात होते ते परदेशी शिकून परतलेले घरचेच चिरंजीव ठरले. शिवाय देवनागरी अंकांसाठीही कलमात एक खिडकी उघडी ठेवली गेली. दोन्ही बाजूंना पूर्ण समाधान नव्हते. पण दोन्ही बाजूंना घरी जाऊन सांगता येईल असे काहीतरी मिळाले होते. हे ३४३ वे कलम आजही आहे. मी दिवसभर कचेरीत त्या आंतरराष्ट्रीय रूपात दिनांक घालतो आणि रात्री या मासिकासाठी लिहिताना देवनागरी अंक काढतो. हाताला ते जड जात नाही. पण ज्या भांडणातून ही सोय निघाली ते झालेच नसते, तर कोणत्या तरी एका बाजूने निमूटपणे मान खाली घातली असती आणि ती मान पुढे कधी तरी ताठ झालीच असती.

या पाठोपाठ चारच दिवसांनी सर्वांत मोठे नावाचे भांडण झाले. मूळ मसुद्यातल्या पहिल्या कलमात देशाचे नाव केवळ ‘इंडिया’ असे होते. नोव्हेंबर १९४८ मध्येच त्यावर हरकती आल्या आणि प्रश्न पुढे ढकलला गेला. १७ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी नवा मजकूर मांडला : ‘इंडिया, दॅट इज, भारत’. दुसऱ्या दिवशी, १८ सप्टेंबरला, त्यावर चर्चा झाली. पंचांग पाहिले तर तो रविवार होता आणि त्या लांबलेल्या अधिवेशनाचा तो शेवटचा दिवस होता. कचेरीत काम करणाऱ्या माणसाला ही एक गोष्ट पुष्कळ काही सांगून जाते. सर्वजण थकलेले, घराकडे डोळे लागलेले, कामाची यादी मोठी. आणि अशा वेळी कोणीतरी उठून नावावर बोलू लागतो.

उठले ते अर्थात कामत. त्यांच्यापाशी दोन पर्याय होते, एकात ‘भारत’ आणि दुसऱ्यात ‘हिंद’. त्यांतला पहिला त्यांनी पुढे केला : ‘भारत, किंवा इंग्रजी भाषेत, इंडिया’. आयर्लंडने १९३७ च्या आपल्या संविधानात असेच आधी स्वतःचे नाव आणि मग इंग्रजी नाव घातले आहे, हा दाखला त्यांनी दिला. नवे प्रजासत्ताक जन्माला येते आहे, तर त्याचे नामकरण नीट व्हावे, असा त्यांचा मुद्दा होता. आपल्याकडे बारशाला आत्याबाईंचे जे महत्त्व, ते त्यांनी त्या दिवशी आपल्याकडे घेतले होते म्हणा ना! ते निरनिराळ्या नावांचा इतिहास सांगू लागले तेव्हा डॉ. आंबेडकर वैतागले. एवढा सगळा इतिहास उगाळण्याची गरज काय, वेळ थोडा आहे, काही तारतम्य असावे, अशा अर्थाचे ते बोलले. कामतांनीही तत्काळ प्रत्युत्तर दिले, की सभेचे कामकाज कसे चालवावे हे ठरविणे डॉ. आंबेडकरांकडे नाही.

मग इतर उठले. सेठ गोविंददासांनी पुराणांचे आणि ह्युएनत्संगाचे दाखले दिले. कल्लूर सुब्बराव म्हणाले, की इंडिया हे नाव सिंधू नदीवरून आलेले. ती नदी आता पाकिस्तानात गेली, तेव्हा आपण ‘भारत’च घ्यावे. राम सहाय यांनी ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्याचा जो संघ झाला त्याचे नाव ‘मध्यभारत’ ठेवल्याची आठवण दिली. कमलापती त्रिपाठींना शब्दांचा क्रम उलटा हवा होता, आधी भारत आणि मग इंडिया. उत्तरेच्या डोंगराळ मुलखातून आलेले हरगोविंद पंत म्हणाले, की आमच्या लोकांना ‘भारतवर्ष’च हवे, रोजच्या संकल्पात तेच नाव उच्चारले जाते. या भाषणांच्या ओघात डॉ. आंबेडकरांनी पुन्हा एकदा विचारले, की हे सारे आवश्यक आहे का? अजून पुष्कळ काम उरले आहे!

कामतांची दुरुस्ती मतास टाकली गेली. हात वर झाले, मोजले गेले. बाजूने अडतीस आणि विरुद्ध एक्कावन्न. दुरुस्ती पडली आणि ‘इंडिया, दॅट इज, भारत’ हे शब्द संविधानात गेले.

डॉ. आंबेडकरांचा त्रागा मला कळतो. ज्याच्या शिरावर शेकडो कलमे आहेत आणि ज्याची प्रकृतीही ठीक नाही, त्याला रविवारच्या दिवशी पुराणे ऐकण्याचा उत्साह नसणे स्वाभाविक आहे. नावात ‘भारत’ आलाच आहे. तो चार अक्षरे आधी आला काय किंवा नंतर आला काय, राज्यकारभार त्याने बदलत नाही. व्यवहाराच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बिनतोड होते. परंतु अडतीस माणसांना त्या क्रमात काहीतरी दिसत होते. घरातले नाव आधी घ्यावे की बाहेरच्यांनी ठेवलेले, हा तो प्रश्न होता. आमचे ग्वाल्हेरचे काका त्या दिवशी सभेत असते तर त्यांनी कोणत्या बाजूने हात वर केला असता ते सांगवत नाही. पण प्रश्न समजायला त्यांना एक क्षणही लागला नसता.

या कथेला एक शेपूट आहे. २४ जानेवारी १९५० रोजी सदस्यांनी संविधानाच्या इंग्रजी प्रतीबरोबर हिंदी प्रतीवरही स्वाक्षऱ्या केल्या. त्या हिंदी प्रतीत पहिले कलम उघडले तर शब्द सापडतात ते असे : ‘भारत, अर्थात् इंडिया’. इंग्रजीत जो क्रम एक्कावन्न विरुद्ध अडतीस मतांनी नाकारला गेला, तोच भाषांतराच्या मेजावर, कोणताही गाजावाजा न होता, उलट होऊन बसला. सप्टेंबर २०२३ मध्ये जी-२० परिषदेच्या भोजनाच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘प्रेसिडेंट ऑफ भारत’ असे छापून आले, तेव्हा देशभर पुन्हा चर्चा उसळली आणि पुष्कळांनी त्या जुन्या रविवारचे कामकाज काढून वाचले. त्यांना दोन्ही बाजूंची कारणे, दोन्ही बाजूंची नावे आणि मतांची संख्या तेथे आयती मिळाली. लघुलेखकाने त्या दिवशी ‘नावाबाबत किरकोळ चर्चा झाली’ एवढेच लिहिले असते तर त्यांच्या हाती काय लागले असते?

महिन्याभराने, १७ ऑक्टोबर १९४९ रोजी, उद्देशिकेचा विचार झाला. पुन्हा कामतच. उद्देशिकेचा आरंभ ‘ईश्वराच्या नावाने’ व्हावा अशी त्यांची दुरुस्ती. पूर्णिमा बॅनर्जी यांनी त्यांना कळवळून सांगितले, की ईश्वराला मतास टाकण्याच्या संकटात आम्हाला घालू नका. हृदयनाथ कुंझरू यांनीही विरोध केला. श्रद्धेची बाब कोणावर लादता येत नाही, हे त्यांच्या बोलण्याचे सार. कामत हटले नाहीत. मतमोजणी झाली : बाजूने एक्केचाळीस, विरुद्ध अडुसष्ट. कामत पुन्हा हरले. पण त्या एका शब्दाच्या वादात या देशाने फार मोठी गोष्ट ठरवून टाकली. आस्तिक सदस्यांनीही, श्रद्धा न ठेवणाऱ्या शेजाऱ्यासाठी, आपल्या परम प्रिय शब्दाविरुद्ध हात वर केले. ही गोष्ट कोणत्याही प्रदीर्घ निबंधाने इतकी स्पष्ट झाली नसती.

नावाचे भांडण सभागृहात ऐकून घेतले गेले नाही तर काय होते, याचाही दाखला आपल्याच देशात आहे. मद्रास राज्याचे नाव ‘तमिळनाडू’ व्हावे, ही शंकरलिंगनार या वृद्ध गांधीभक्ताच्या मागण्यांपैकी एक प्रमुख मागणी होती. त्यांनी १९५६ साली उपोषण आरंभिले आणि सत्तर दिवसांहून अधिक काळ अन्नावाचून राहून ते ऑक्टोबरात मरण पावले. पुढे १९६७ साली मद्रासच्या विधानसभेने नामांतराचा ठराव संमत केला आणि १४ जानेवारी १९६९ रोजी ते नाव अमलात आले. नाव बदलल्याने भाताचा दर उतरला नाही की पाऊस वाढला नाही. तरीही एका मनुष्याने त्यासाठी प्राण वेचले. त्याच्या मागणीला किरकोळ म्हणण्याचा अधिकार त्याच्याएवढी किंमत न मोजलेल्या कोणालाही पोचत नाही, असे मला वाटते.

याचा अर्थ प्रत्येक शब्दभांडण पवित्र असते असा मुळीच नव्हे. नुसता दुसऱ्याला खाली पाहायला लावण्यासाठी काढलेले शब्दांचे काथ्याकूट आपण सर्वांनीच पाहिले आहे, आणि प्रसंगी केलेही आहे. टोपणनावाच्या आडून, निनावी पत्रांतून, ज्याची जबाबदारी कोणी घेत नाही अशा शेऱ्यांतून होणारी भांडणे माणसाला लहान करतात. संविधान सभेतल्या भांडणांत तीन गोष्टी होत्या. बोलणारा स्वतःच्या नावानिशी बोलत होता. त्याचे म्हणणे, कितीही कंटाळवाणे असले तरी, शब्दशः लिहून घेतले जात होते. आणि शेवटी मोजणी होत होती, व हरलेला दुसऱ्या दिवशी पुन्हा सभेत येऊन बसत होता. या तीन गोष्टी असल्या की क्षुल्लक वादही माणसांना एकत्र ठेवतो. त्या नसल्या की मोठ्या तत्त्वाचा वादही घरे फोडतो.

आणि याची साक्ष त्या सर्व त्राग्याचे धनी असलेल्या पुरुषानेच दिली आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी सभेत जे अखेरचे मोठे भाषण केले, त्याच्या उत्तरार्धातील इशारे सर्वांना माहीत आहेत. पूर्वार्ध मात्र फारसा वाचला जात नाही. त्यात त्यांनी वेळेच्या अपव्ययाच्या आरोपाला उत्तर देताना अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांच्याशी तुलना केली आणि सांगितले, की त्या संविधानकारांना दुरुस्त्यांच्या अशा डोंगराला तोंड द्यावे लागले नव्हते. ‘ड्रिफ्टिंग कमिटी’ या टोमण्यावर ते म्हणाले, की अधिक चांगल्याच्या शोधात असणे म्हणजे वाहवत जाणे नव्हे. मग त्यांनी सभेतल्या बंडखोरांची नावे घेऊन त्यांचे आभार मानले. त्यांत पहिले नाव होते कामतांचे; पाठोपाठ अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख होते, प्रा. के. टी. शाह होते, पंडित कुंझरू होते. सगळ्यांनीच माना डोलावल्या असत्या तर ही सभा नीरस झाली असती, आणि या मंडळींनी काढलेल्या मुद्द्यांमुळे संविधानामागची तत्त्वे स्पष्ट करण्याची संधी आपल्याला मिळाली, असे त्यांनी मोकळ्या मनाने कबूल केले. दोनच महिन्यांपूर्वी ज्यांना तारतम्य शिकविले, त्यांचेच हे ऋण!

त्याच भाषणात आणखी एक वाक्य आहे, त्यापाशी मी थांबलो. बी. एन. राव आणि मसुद्याचे मुख्य लेखक एस. एन. मुखर्जी यांचा गौरव केल्यानंतर डॉ. आंबेडकर मुखर्जींच्या हाताखालच्या कर्मचाऱ्यांकडे वळले. ती माणसे किती कष्टली, कधी कधी मध्यरात्र उलटून गेल्यावरही कशी राबली, हे आपल्याला ठाऊक आहे, असे ते म्हणाले. त्यांची नावे भाषणात नाहीत. पण एकेक दुरुस्ती, पडलेलीसुद्धा, त्यांनी नीट नोंदवून, क्रमांक घालून, टंकलिखित करून दुसऱ्या सकाळी सदस्यांच्या हाती दिली असणार. नझीरुद्दीन अहमदांचा स्वल्पविरामही त्यांना तितक्याच काळजीने टंकावा लागला असणार. त्यांनी किरकोळ काय आणि महत्त्वाचे काय हे स्वतःच्या मर्जीने ठरविले नाही, म्हणून आज आपल्याला ठरविता येते.

ज्या सभागृहात हे सारे घडले त्या वास्तूलाही आता नवे नाव मिळाले आहे. सप्टेंबर २०२३ पासून ती ‘संविधान सदन’ म्हणून ओळखली जाते. कचेरीतून बसने घरी परतताना तिचा गोल घेर अधूनमधून दिसतो.

मंडळाचे इतिवृत्त मी पुन्हा लिहिले नाही. कचेरीच्या शिस्तीप्रमाणे चुकीच्या शब्दावर एक सरळ रेघ मारली, जेणेकरून खाली काय होते ते दिसावे, आणि समासात आद्याक्षरे घातली. ‘किरकोळ’ गेला. त्याच्या खाली काकांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या नावासह, नऊ ओळींत उतरविले. त्यानंतर दुसऱ्या बाजूचे म्हणणे, तेही नावांसह. आणि शेवटी एकोणीस व अकरा हे आकडे. पुढच्या सभेत ते वाचून दाखविले तेव्हा कोणी हरकत घेतली नाही. अध्यक्षांनी सही केली. काका मागच्या खुर्चीवर बसले होते. सभा संपल्यावर ते पुढे आले, वही आपल्याकडे ओढून त्या नऊ ओळी त्यांनी सावकाश वाचल्या आणि म्हणाले, “तिसऱ्या ओळीत एक वेलांटी चुकली आहे.”

मी ती दुरुस्त केली.